पाटीवरचं नाव

"शेवटी तू बोलायचंस," आई म्हणाली. "दोनच वाक्यं. पाया पडायचं आणि उठता उठता सांगून टाकायचं."

ती शालीची घडी मोडून परत घालत होती. दुकानातून आली तशीच शाल बरी होती, पण आईच्या मते किनार लोकांना दिसायला हवी, म्हणजे किती चांगली आणली ते कळतं. टेबलावर नारळ होता, पेढ्यांचा पुडा होता आणि काचेच्या चौकटीत बसवलेलं मानपत्र होतं. मानपत्र आईनंच लिहिलं होतं. त्यात 'अश्वविद्या' हा शब्द चार वेळा आला होता आणि आम्ही सोडून चाललोय हे एकदाही आलं नव्हतं.

"मीच का?" मी विचारलं.

"तू त्यांची लाडकी ना. तुझ्याकडून ऐकलं तर टोचणार नाही त्यांना."

"आणि बाबा?"

"बाबांना पेशंट आहेत."

शनिवारी संध्याकाळी बाबांचा दवाखाना बंद असतो हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

आमच्या घरात कुणाला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नव्हती. कामाची बाई बदलायची असली की आधी तिला साडी मिळायची. शिकवणीचे मास्तर नकोसे झाले की त्यांना सहकुटुंब जेवायला बोलावलं जायचं, आणि बिचारे बासुंदी खाऊन घरी गेले की दुसऱ्या दिवसापासून मी नव्या मास्तरांकडे. आई महिला मंडळाची सात वर्षं अध्यक्ष होती. सत्कार हे तिचं हत्यार आहे हे मला फार उशिरा कळलं. मी तेव्हा नववीत होते आणि मला ते सगळं अतिशय सभ्य वाटायचं.

सोडून जायचं होतं ते दफेदार सर्जेराव निकमांना. निकम घोडदळातून निवृत्त होऊन साताऱ्याला परतले, गोडोलीच्या पुढं माळावर पत्र्याची पागा बांधली, पाच घोडी पाळली आणि गावातल्या पोरांना घोड्यावर बसायला शिकवू लागले. 'सर' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "सर शाळंत. मी दफेदार," म्हणायचे. आम्ही पाचजण चार वर्षं त्यांच्याकडे जात होतो. कंत्राटदार जगदाळ्यांचा सुशांत, बँकेतल्या चिटणीसांची जुळी पोरं, रुबीना आणि मी. पहिले सहा महिने त्यांनी आम्हाला नुसती लीद उचलायला आणि घोड्यांना खरारा करायला लावला. पुढं बसायला मिळालं तेव्हा शिव्याही मिळायला लागल्या. टाच वर गेली की शिवी, मान खाली गेली की शिवी. पण आज मी पन्नाशीला आले तरी माझी टाच खुर्चीत बसल्यावरसुद्धा खाली असते.

आणि त्याच वर्षी महामार्गालगत नवा रायडिंग क्लब निघाला होता. तिथं वाळूचं मैदान होतं, परदेशात शिकून आलेला कोच होता, पोरांना घरून न्यायला घोड्याचं चित्र काढलेली व्हॅन होती. मुख्य म्हणजे डिसेंबरात पुण्याला राज्य स्पर्धा होती आणि तिथं नोंदणी झालेल्या क्लबाचीच मुलं उतरू शकत होती. दफेदारांच्या पागेची कसली आलीय नोंदणी. मला ती स्पर्धा हवी होती, हे इथंच सांगून टाकते. सगळं आईवर ढकलून मला मोकळं होता येणार नाही.

दफेदारांची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पागेच्या भिंतीला लाकडी चौकटीची एक पाटी टांगलेली असायची. तीवर पाच घोड्यांची नावं ऑइलपेंटनं रंगवलेली आणि प्रत्येक नावापुढं मोकळी जागा. उद्या ज्याला यायचं असेल त्यानं आज जाताना आपल्या घोड्यापुढं खडूनं नाव लिहायचं. नाव दिसलं की पहाटे साडेपाचला त्या घोड्यावर खोगीर चढणार. ते खोगीर मग ज्याचं नाव त्यानंच उतरवायचं आणि नावही त्यानंच पुसायचं. चढवायचं काम दफेदारांचं. उतरवायला ते हात लावत नसत, आणि नावाला तर नाहीच.

"घोडं तुज्या शब्दावर हुबं ऱ्हातं," ते सांगायचे. "शब्द तू दिलास, मागं बी तूच घ्यायचा. माज्यावर ढकलायचा न्हाई."

सातवीत असताना एकदा मला ताप भरला आणि निरोप पाठवायचं राहून गेलं. सकाळी नऊला दफेदार माझ्या मैनाला घेऊन आमच्या फाटकाशी हजर. मैना म्हणजे तांबड्या रंगाची बुटकी घोडी, एका कानाचं टोक तुटलेली, माझ्याशिवाय कुणाला पाठीवर सुखानं बसू देत नसे. मी स्वेटर घालून थरथरत बाहेर आले, पोटाखालचा तंग सोडला, खोगीर उतरवलं. दफेदारांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप हाय," ते म्हणाले. "पर निरोप धाडायला हवा हुता. तोंडाला न्हवता ना ताप?"

त्या दिवसापासून आईला तो माणूस रानटी वाटायला लागला. खोगिराची रीत मात्र तिला चांगली ठाऊक झाली होती. हे लक्षात ठेवावं.

तर तो शनिवार. दसरा होऊन आठवडा झाला होता, घोड्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा अजून सुकत लोंबत होत्या. आईनं मांडववाल्याकडून वीस खुर्च्या पाठवल्या होत्या. दफेदारांनी घोडदळातला जुना कोट चढवला होता आणि त्यावर घासून पुसून लखलखीत केलेली तीन पदकं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे हिराकाकींनी, सगळ्यांसाठी आल्याचा चहा केला होता आणि त्या पागेच्या दारात पदर सावरत उभ्या होत्या. आपल्या नवऱ्याचा सत्कार चार मोठी माणसं करतात याचं त्यांना इतकं अप्रूप वाटत होतं की त्या खुर्चीवर बसायलाच तयार होईनात.

जगदाळे बोलले. चिटणीसांनी मानपत्र वाचलं. आईनं त्यांना शाल पांघरवली, नारळ दिला. प्रत्येकजण दफेदारांनी काय काय दिलं ते सांगत होता, आणि सगळं 'दिलं' होतं, 'देतात' कुठंच नव्हतं. पण दफेदारांना ते कसं कळावं. त्यांना वाटलं, साठ पुरी झाली म्हणून ही मंडळी आली.

मग ते उत्तराला उभे राहिले. हातातला नारळ कुठं ठेवावा ते त्यांना समजेना, शेवटी तसाच धरून बोलले.

"म्या पोरांना लई शिव्या दिल्या," ते म्हणाले. "त्येचा राग न धरता तुमी शाल घातली. मला वाटायचं, मोठ्या घरची पोरं, दोन म्हैनं यित्याल आन् कटाळत्याल. चार वर्सं टिकली. समदी हुशार हायेत. पर ही मृणाल. ही पडली तर पडले म्हणती. घोड्यावर ढकलत न्हाई. ही एकटी खोटं बोलत न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं आईनं.

आईनं मला डोळ्यानं खूण केली. मी पुढं झाले, पाया पडले आणि उठता उठता तोंड उघडलं.

"दफेदार, आम्ही—"

"बोल की. का आदी ह्ये बगतीस?"

त्यांनी माझा हात धरला आणि मला पागेमागं नेलं. मागोमाग सगळे आले. तिथं ताडपत्री होती, ती काकींनी ओढली. खाली बांबूचे अडथळे होते, उड्या मारायचे. आठ. लाल-पांढरे पट्टे रंगवलेले. रंग काही ठिकाणी ओघळलेला होता.

"दोगांनी रंगीवले," दफेदार म्हणाले. "आन् पुन्याला जाऊन अर्ज दिऊन आलो. पागंची नोंदनी हुतीय, सायेब म्हनला. औंदा डिसेंबरात आपली पोरं उतरणार."

जगदाळ्यांनी घसा खाकरला. मी आईकडे पाहिलं. आता जायचं कारणच उरलं नव्हतं, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईटही वाटलं. तोवर क्लबाची नवी कोरी ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची विजार, घरी येऊन पडली होती. मी ती आरशासमोर दोनदा घालून पाहिली होती.

"अर्ज दिला म्हणजे नोंदणी मिळतेच असं नाही," आई माझ्या कानात म्हणाली. "सांग आता."

"काय म्हनत हुतीस?" दफेदारांनी मला विचारलं.

"अडथळे खूप छान झालेत," मी म्हणाले.

मग पेढे वाटले गेले. निघायची वेळ झाली तेव्हा दफेदार भिंतीवरची पाटी काढून घेऊन आले आणि खडूचा तुकडा पुढं केला. "चला. उद्याची नावं लिवा. उद्या पैली उडी."

सुशांतनं बापाकडे पाहिलं. बापानं गाडीकडे पाहिलं. त्या घटकेला पाच पोरं आणि त्यांचे आईबाप मिळून एकानं तोंड उघडलं असतं तरी भागलं असतं. पण शाल अजून त्यांच्या खांद्यावर होती, पेढा अजून आमच्या तोंडात होता. सुशांतनं खडू घेतला आणि नाव लिहिलं. मग जुळ्यांनी. मग रुबीनानं.

"लिही गं," आई हळूच म्हणाली. "आत्ता शाल घातली आणि लगेच नाही म्हणायचं? बरं दिसत नाही. सकाळी फोन करून सांगू."

"पण ते खोगीर चढवतील."

"चढवतील आणि उतरवतील. घोड्यांचं आणखी काय असतं?"

मैनापुढं मी माझं नाव लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं.

दफेदारांकडे फोन नव्हता. शेजारच्या पिठाच्या गिरणीत होता, आणि गिरणी रविवारी बंद असते हे आईला सकाळी आठ वाजता, रिंग वाजून वाजून थांबल्यावर आठवलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "न गेल्यावर समजतीलच ते."

व्हॅन नऊला यायची होती. आमचं घर कोरेगाव रस्त्यावर, सगळ्यांच्या शेवटी. व्हॅन बाकीच्या चौघांना घेऊन मग माझ्याकडे येणार. मी क्रीम रंगाची ब्रीचेस घालून खिडकीशी बसले होते. आधी नाल वाजल्याचा आवाज आला. एका घोड्याचा नव्हता.

दफेदार पुढं होते, तीन घोड्यांचे लगाम हातात. मागं हिराकाकी दोन घोड्यांना घेऊन चालत होत्या. सकाळचा गारवा होता म्हणून त्यांनी कालची शाल डोक्यावरून घेतली होती. पाचही घोड्यांवर खोगीर होतं आणि एकावरही माणूस नव्हता. रस्त्यावरचा दूधवाला सायकलवरून उतरून बघत उभा राहिला. स्वार मेला की अशी रिकामी घोडी निघतात, ते लहान पोरालाही कळतं.

ते आमच्या फाटकाशी थांबले. आई लगबगीनं बाहेर गेली. मी पडद्याआड झाले.

"अहो दफेदार, आत या ना. चहा टाकते."

"चा नको, डॉक्टरीणबाई. तीन घरं फिरून आलो. पोरं क्लबात गेली म्हनत्यात. मृणाल हाय, का ती बी गेली?"

"मृणाल ना? आंघोळीला गेलीये."

"थांबतो. खोगीर उतरवायचं हाय."

आई आत आली. तिचं तोंड लाल झालं होतं, आवाज मात्र शांत. "मागच्या दारानं जा. देशपांड्यांच्या आवारातून कोपऱ्यावर. मी व्हॅनला तिथंच थांबवते."

"आई, ते कळेलच त्यांना."

"कळू दे. पण तोंडावर नको. तोंडावर झालं की माणूस दुखावतो."

मी चपला हातात घेऊन स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा. तेवढ्यात समोर हॉर्न वाजला. व्हॅन वेळेआधी आली होती, आणि थेट फाटकाशी. आत चौघंजण, चौघांच्याही अंगावर तसलीच क्रीम ब्रीचेस.

दफेदारांनी लगाम काकींकडे दिले, व्हॅनपाशी गेले आणि दार सरकवलं. कोटाच्या आतून त्यांनी पाटी काढली. घरून निघतानाच त्यांनी ती बरोबर घेतली होती. मग कवायतीच्या आवाजात त्यांनी नाव पुकारलं.

"जगदाळे सुशांत. सुलतान."

सुशांत उतरला नाही. "दफेदार, ड्रायव्हरकाका उतरवतील ना," तो म्हणाला.

"डायव्हरचं नाव पाटीवर न्हाई."

सुशांत उतरला. सुलतानचा तंग सोडताना त्याची बोटं घसरत होती. खोगीर त्यानं आमच्या कंपाउंडच्या कठड्यावर ठेवलं. दफेदारांनी पाटी पुढं धरली. सुशांतनं अंगठा ओला करून नाव पुसलं.

"जा," दफेदार म्हणाले.

जुळी दोघं रडत रडत उतरली. एकाला खोगीर पेलेना, ते पायावर पडलं. दफेदारांनी वाकून उचलून दिलं नाही, त्याचं त्यालाच उचलायला लावलं. दूधवाल्याच्या शेजारी आता आणखी पाचसात माणसं जमली होती. रुबीनानं खोगीर उतरवलं, नाव पुसलं आणि मान खाली घालून "सॉरी" म्हणाली.

"मला कशाला सॉरी? तुला पाठ घोड्यानं दिली. त्येला म्हन."

रुबीना खरंच घोड्याकडे वळली आणि "सॉरी" म्हणाली. रस्त्यावरचे लोक हसले. दफेदार हसले नाहीत.

"मृणाल. मैना."

मी समोरच्या दारानं बाहेर गेले. त्यांनी माझ्या ब्रीचेसकडे पाहिलं. त्या चौघांकडे बघताना त्यांच्या तोंडावर जो कोरडेपणा होता तो माझ्याकडे वळल्यावर थोडा हलला. तीन घरं हिंडून, चार पोरांची तोंडं बघूनही त्यांना माझ्याबद्दल कुठंतरी आशा वाटत होती. ते मला दिसलं आणि मला त्या चौघांत जायचं नव्हतं. मला स्पर्धाही हवी होती आणि त्यांची लाडकीही राहायचं होतं. मी मैनाचा तंग सोडला, खोगीर कठड्यावर ठेवलं. त्यांनी पाटी पुढं धरली.

"माझं नाव राहू द्या," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"मी स्पर्धेपुरतीच जातेय. वार्षिक परीक्षा झाली की परत येईन."

हे मी घरून ठरवून आले नव्हते. तिथं उभ्या उभ्या सुचलं आणि बोलताना इतकं गोड वाटलं की मला स्वतःलाही क्षणभर पटलं. पण क्षणभरच. मी परत जाणार नाही हे मला वाक्य संपायच्या आधी माहीत होतं.

"खरं?" दफेदारांनी विचारलं.

"खरं."

त्यांनी पाटी खाली केली. मग माझ्याजवळ येऊन, लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मैनाला औंधची मागनी आलीय. मान्यांच्या घरची. त्येंच्या पोरीला पायजे. मानसं चांगली हायेत, वीस एकर रान हाय, घोडी सुकात ऱ्हाईल. उद्या यायची हायेत ती. तू येनार असशील तर न्हाई सांगतो."

"अवं, ल्हान पोर ती," काकी मागून म्हणाल्या. "तिला काय इचारता? दिऊन टाका घोडी."

"तिच्या नावाची घोडी हाय," दफेदार म्हणाले. मग मला, "न्हाई सांगू?"

आई फाटकात उभी होती. तिनं मला बघून मान हलवली, अगदी थोडी, कौतुकानं.

"नाही सांगा," मी म्हणाले.

दफेदारांनी पाटी कोटाच्या आत ठेवली, नाव पुसलं जाऊ नये म्हणून पालथी. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदाच. मग उघड्या पाठीची पाच घोडी घेऊन दोघं गेली. खोगिरं आमच्या कठड्यावरच राहिली होती, ती दुपारी काकी हातगाडी आणून एकट्या घेऊन गेल्या. धूळ बसू नये म्हणून त्यांनी वरून ती शाल टाकली होती.

"छान सांभाळलंस," आई जेवताना म्हणाली. "तोडून टाकायचं नसतं कधी. बघ, एकट्या तुझ्यावर राग धरला नाही त्यांनी."

मला तेव्हा अभिमान वाटला होता. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

डिसेंबरात पुण्याला मी तिसरी आले. वर्तमानपत्रात फोटो आला. दफेदारांच्या पागेची नोंदणी झाल्याचं कुठूनतरी कळलं, पण तिथून उतरायला पोरंच नव्हती. मार्च गेला, परीक्षा झाली, निकाल लागला. गोडोलीच्या रस्त्यानं जायचं असलं की मी रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला सांगू लागले.

मे महिन्यात एका दुपारी बेल वाजली. दिवाणखान्यात महिला मंडळाची बैठक चालली होती, कुणाचातरी सत्कार ठरत होता. दार मी उघडलं. दारात हिराकाकी होत्या. काखेत पाटी. त्या आत आल्या नाहीत, मीही या म्हणाले नाही.

"परीक्षा झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"बरी गेली?"

"बरी गेली."

त्यांनी मान हलवली. मग उभ्या उभ्याच, आवाज न चढवता, मला सांगितलं. फेब्रुवारीत दफेदारांची उजवी बाजू गेली होती. चार घोडी विकली. मैना राहिली.

"सकाळी साडेपाचला मला उठीवत्यात. मैनावर खोगीर घाल म्हनत्यात. मी घालते. धा वाजंपत्तोर दाराकडं बगत्यात. मग मी उतरवाय गेले की तोंड भितीकडं करत्यात, दिसू नये म्हनून. सात म्हैनं झालं, रोज; आदी त्ये सोता घालत हुते. तुजा फोटू आल्ता त्यो कापून ठिवलाय त्येंनी. टाचा खाली हायेत बग, म्हनले."

काकींनी काखेतली पाटी हातात घेतली.

"मान्यांनी दुसरी घोडी घेतली. आता कऱ्हाडचा वरातीवाला मागतोय. त्यो बी आज हाय, उद्या न्हाई. माज्यानं आता हुत न्हाई, पोरी. त्येंचं करू का घोडीचं करू? पर पाटीवर नाव हाय तवर त्ये इकत न्हाईत."

त्यांनी पाटी पुढं केली. इतर चार नावांपुढं काळं होतं. मैनापुढं माझं नाव होतं, पण अक्षर माझं नव्हतं. पुसट झालं की कुणीतरी ते वरून परत परत गिरवलेलं होतं. डाव्या हातानं गिरवल्यासारखं, वाकडं, जाड.

"ह्ये तेवडं पूस," काकी म्हणाल्या. "मी पुसलं तर त्येंस्नी कळतं. पोरीनं सोता पुसलं, असं मला खरं सांगता आलं पायजे."

"काकी, मी उद्या येईन. मी स्वतः येऊन दफेदारांना—"

"येईन म्हनू नगंस," त्या म्हणाल्या. "काय बी म्हन. तेवडं म्हनू नगंस."

मी अंगठा ओला केला. खडूचे इतके थर बसले होते की एका अंगठ्यानं नाव जाईना. मी परत ओला केला, परत घासलं. आधी 'ल' गेला, मग 'णा', मग 'मृ'. आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"मृणाल, कोण आलंय गं?" आईनं आतून विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले.

ते तोंडातून गेलं तेव्हा काकी माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातून पाटी घेतली आणि ओली होती ती पदरानं कोरडी केली.

"तसंच सांगते त्येंस्नी," त्या म्हणाल्या. "कुनी न्हाई म्हनून."

पाटी काखेत मारून त्या पायऱ्या उतरल्या. जाताना त्यांनी फाटकाची कडी नीट लावली.